आगोट आणि चांदीचं पाणी

आगोट आली की मला रबराचा वास येतो. खरं तर या दिवसांत किनाऱ्यावर दुसरे कितीतरी वास असतात. घरापुढच्या खळ्यात पसरलेल्या कोकमांच्या सालींचा आंबट वास, आंब्याच्या साठांचा, उन्हात तापलेल्या जुन्या जाळ्यांचा आणि या सगळ्यांवर चढून बसलेला सुक्या मासळीचा वास. पाऊस दारात यायच्या आधी जे जे सुकवून, खारवून, बांधून ठेवायचं ते याच दिवसांत. या दिवसांना आम्ही आगोट म्हणतो. समुद्राचा आवाज बदलू लागतो, वारा दक्षिणेकडून येतो, होड्या वर ओढल्या जातात आणि बायका आकाशाकडे बघत बोलतात. त्यात रबराला जागा नाही. तरी तो वास येतो, कारण काही वर्षांपूर्वीच्या एका आगोटीत तो खरोखरच तिथे होता, आणि ज्यांनी तो आणला त्यांना तो कधी आला नाही.

इंदूवयनीचं खळं माझ्या घरापासून माडांच्या दोन ओळी सोडून आहे. तिचा बांगडा पोट फाडून, धुऊन, निळ्या पिंपातल्या मिठाच्या पाण्यात मुरतो आणि मग पुळणीच्या वाळूवर पसरलेल्या जाळ्यावर सुकतो. ती तो वर, घाटाच्या पायथ्याशी विकते. फोंडाघाट, नांदगाव, वैभववाडी. तिथल्या भातशेती करणाऱ्या घरांना पाऊसभर ताजी मासळी मिळत नाही. पेजेबरोबर भाजलेला खारा बांगडा त्यांना आगोटीतच घेऊन ठेवावा लागतो. घेताना बाया बांगडा उलटतात, कल्ल्यापाशी नाक नेतात, बोटाने दाबतात. मग एकतर पिशवी उघडतात, नाहीतर पुढे जातात. इतक्या वर्षांत इंदूवयनीसमोरून पुढे गेलेल्या बाया थोड्या. तिच्यापाशी दुकान नाही, पाटी नाही, छापील पिशवी नाही. बाजारात तिच्यापाशी फक्त तिचं नाव होतं.

त्या वर्षी शहरातल्या एका कंपनीने किनाऱ्यावरची सुकी मासळी पाकिटांत घालून विकायचं ठरवलं. बायकांच्या गटांशी बोलणी झाली. मे महिन्यात कंपनीचा सुपरवायझर जीपमधून आला आणि त्याने प्रत्येकीला रबराचे हातमोजे दिले. जाड, पिवळसर, कोपरापर्यंत येणारे. मासळीला उघडा हात लावायचा नाही, आणि मोजे रोज निर्जंतुक करून ठेवायचे, असं त्याने प्रमाण मराठीत, हळू आवाजात, दोनदा सांगितलं. माणूस वाईट नव्हता. पण निर्जंतुक या शब्दाने समोरच्या बायकांच्या डोळ्यांसमोर काय येतं, हे त्याने विचारलं नाही. विचारायचं त्याच्या कामात नव्हतं.

बायकांनी मोजे घातले तेव्हा जो हशा झाला तो मला आठवतो. हात आत घामाने भिजत, बांगडा बोटांतून निसटत असे. एक म्हातारी मोजे घालून नमस्कार करून दाखवायची. इंदूवयनी म्हणायची की आता तिला मासे कापता येत नाहीत, पण ऑपरेशन करता येईल.

मोजे घालायच्या नियमाबरोबर अंगठी काढायचा नियम कुणी सांगितला नव्हता. इंदूवयनीच्या उजव्या हातात मोत्याची चांदीची अंगठी होती, कुणीतरी ग्रह बघून घालायला सांगितलेली. ती मोज्याच्या आत राहिली. या अंगठीकडे पुढे यायचं आहे.

कंपनी माल तपासणार होती तो दिवस कडक उन्हाचा होता. सुपरवायझरने पिस्तुलासारखं एक यंत्र आणि एक छोटी बाटली काढली. बाटलीत चांदीचं पाणी आहे असं तो म्हणाला. बायका पुढे सरकल्या. पाणी फिकट पिवळं होतं, पाणी घातलेल्या चहासारखं. चांदी पांढरी असते, मग पाणी पिवळं कसं, असं एकीने विचारलं. सुपरवायझर हसला. त्याने इंदूवयनीच्या बांगड्याचा तुकडा कुटून त्याचा अर्क काढला आणि थेंब काचेच्या नळीतल्या चांदीच्या पाण्यात टाकला. बघता बघता पिवळा रंग राखेसारखा झाला. मग त्याने यंत्राचं तोंड नळीला लावलं.

"ह्याका नाक खंय आसा?" इंदूवयनीने विचारलं.

सगळ्या हसल्या. त्या हसण्यातच सुपरवायझरने, पडद्यावरून नजर न काढता, विचारलं की माशांना कुठलं औषध मारता.

"औषध? मीठ ह्याच आमचा औषध. रोज मारतंय."

पुन्हा हशा. पडद्यावर एक रेषा होती, बरीचशी सपाट, आणि मध्ये एक उंच सुळका. खाली नाव आलं होतं: थायरम. ते एक बुरशीनाशक आहे. बियाण्यांना चोळतात. इंदूवयनीने ते नाव आयुष्यात ऐकलं नव्हतं. सुपरवायझरने तिचा सगळा माल बाजूला काढायला सांगितला. आता कुणी हसत नव्हतं.

पुढे जे घडलं ते मी ज्या धंद्यात आयुष्य काढलं त्या बातम्यांच्या धंद्यात घडलं. म्हणून ते क्रमाने मांडतो. कंपनीच्या टिपणात आलं की संबंधित महिलेने औषध मारत असल्याचं मान्य केलं. मीठ हा शब्द त्या वाक्यातून गळला. यंत्राच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की चांदीमुळे संकेत दहा लाख पटीपर्यंत वाढतो. एका बातमी-पोर्टलने दोन्ही जोडलं आणि मथळा दिला: सुक्या मासळीत दहा लाख पट विष, विक्रेतीची कबुली. नाव नव्हतं, पण गाव होतं आणि निळ्या पिंपाचा फोटो होता. त्या गावात तसं पिंप एकच. संध्याकाळपर्यंत ती बातमी घाटाच्या पायथ्याच्या प्रत्येक घरातल्या फोनवर गेली होती.

दहा लाख पट कशाच्या? हा प्रश्न बातमी लिहिणाऱ्याला पडला नाही. ती तपासून पुढे पाठवणाऱ्याला पडला नाही. उपसंपादकाला पहिल्या आठवड्यात शिकवतात की पट हा शब्द आला की आधी विचारायचं, कशाच्या. मला राग येतो तो इथून.

वैदेही ही इंदूवयनीच्या दिराची मुलगी. कोल्हापूरला भौतिकशास्त्र शिकवते, आणि तिचं संशोधनही नेमकं याच चांदीच्या पाण्यावर चालतं. सुट्टीसाठी ती घरी आली होती. तिने बातमी वाचली आणि पहिली जी गोष्ट केली ती म्हणजे काकीला काही विचारायच्या आधी तिचा हात हातात घेतला. धीर द्यायला नव्हे. ती अंगठी बघत होती. मोत्याभोवतीची चांदी काळी पडली होती, तव्याच्या बुडासारखी.

"काकी, मोजे खंय ठेवतंस तू?"

"पिपात. मिठाच्या पाण्यात. साहेबान सांगल्यान ना, निर्जंतुक ठेवा म्हणान."

ज्या पिंपात बांगडा मुरायचा त्याच पिंपात. आमच्याकडे मिठाने सगळं साफ होतं. ताटल्या, फडकी, जखम, नारळाची कवड, दृष्ट लागलेलं मूल. निर्जंतुक म्हटल्यावर इंदूवयनीच्या हाताला मीठच लागणार होतं. मोजे रोज संध्याकाळी खाऱ्या पाण्यात बुडत आणि सकाळी वर येत. पाण्याला रबराचा वास येऊ लागला होता. तिला वाटलं, कंपनीच्या मोज्यांना असाच वास असणार.

वैदेहीने सांगितलं की रबर घट्ट होण्यासाठी त्यात जे पदार्थ घालतात त्यांत गंधक असतं, आणि त्यातला एक पदार्थ म्हणजे थायरमच. शेतात ते बुरशीनाशक, कारखान्यात ते रबराचं विरजण. उरलेला अंश मोज्यातून पाझरतो. अंगठी हा पुरावा नाही, असंही ती म्हणाली. मासळीच्या वाफेनेही चांदी काळवंडते. पण काकी वर्षानुवर्षं मासळीत हात घालते आणि अंगठी अशी कधी झाली नव्हती. म्हणजे शंकेला जागा आहे. एवढंच.

तिने नमुने बांधून घेतले आणि कोल्हापूरची एसटी पकडली. आम्ही वाट बघत राहिलो. त्या दिवसांत इंदूवयनी टोपल्या घेऊन वैभववाडीला गेली आणि जवळजवळ तशाच परत घेऊन आली. तिच्याबरोबर गेलेल्या शेजारणीने सांगितलं की एक ओळखीची बाई थांबली होती, बांगडा उचललाही होता, तेवढ्यात तिची सून तिला म्हणाली:

"त्या औषधवालेकडचा नको गो."

हे नाव तिथे पहिल्यांदा पडलं.

वैदेही परतली ती संध्याकाळ ढगाळ होती. ओटीवर बसून तिने सगळं सांगितलं, आधी निकाल, मग कारण. मोजे घालून, त्या पिंपात खारवलेल्या बांगड्यात सुळका दिसला. पिंपातल्या नुसत्या पाण्यात दिसला. कोरा मोजा नुसत्या मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवला, मासळीचा संबंधच नाही, त्यातही दिसला. आणि नव्या पिंपात उघड्या हाताने खारवलेल्या बांगड्यात दिसला नाही. रबराचा अंश मासळीत जाणं चांगलं नाही, हेही तिने त्याच सुरात सांगितलं. इंदूवयनीने त्याच वेळी उठून पिंप उपडं केलं आणि त्यातला बांगडा माडाच्या मुळात पुरायला काढला. मग हात धुऊन पुन्हा ऐकायला बसली.

ती तपासणी मला समजली ती अशी. पदार्थावर प्रकाश टाकला की बहुतेक सगळा प्रकाश जसाचा तसा परततो. प्रकाशाच्या कोट्यवधी कणांतला एखादा तेवढा रंग बदलून येतो, आणि त्या बदलात पदार्थाची ओळख असते. या तंत्राला रामन तंत्र म्हणतात. ओळख अचूक, पण आवाज इतका क्षीण की ऐकू येणं मुश्कील. चांदीचे अतिसूक्ष्म कण त्या आवाजाला उचलतात. प्रकाश पडला की चांदीतले इलेक्ट्रॉन एकत्र हेलकावे घेऊ लागतात आणि दोन कण जवळ आले की मधल्या फटीत प्रकाशाचा जोर एकवटतो. समजावताना वैदेहीने भरतीच्या वेळचा कातळ दाखवला. समुद्र तोच, लाट तीच; पण कातळाच्या चिंचोळ्या फटीत ती शिरली की माडाएवढी उसळते. ज्याने फक्त तो फवारा पाहिला त्याला वाटेल की समुद्र माडाएवढा वर आला आहे. आमच्याकडचं लहान मूलसुद्धा असं समजत नाही.

आणि ही वाढ दोनदा होते, ती म्हणाली. प्रकाश आत जाताना एकदा, आणि रंग बदलून बाहेर येताना पुन्हा एकदा. म्हणून तो आकडा लाखांत जातो. पण हे सगळं फटीतच, चांदीला जवळजवळ चिकटून असलेल्यासाठीच. जरा लांब गेलं की काही नाही. मग चांदीला चिकटतो कोण? ज्याच्यात गंधक आहे तो. तो चांदीचा हातच धरतो, दोघांत इलेक्ट्रॉनांची देवघेव होते, आणि त्या देवघेवीने आवाज आणखी थोडा चढतो. बांगड्यातलं बाकी काहीही चांदीला तितकं घट्ट धरत नव्हतं. त्यामुळे जो अंशभर होता तोच सगळ्यांत मोठ्याने बोलला.

मग तिने मिठाचं सांगितलं, आणि मला वाटतं की त्या संध्याकाळी इंदूवयनीला खरा धक्का तिथे बसला. चांदीचे कण एरवी पाण्यात एकमेकांपासून लांब तरंगतात, म्हणून पाणी पिवळं दिसतं. मीठ पडलं की ते एकत्र गोळा होतात, पाणी राखाडी होतं, आणि त्यांच्यात फटी तयार होतात. प्रयोगशाळेत मुद्दाम मीठ घालतात. इथे ते बांगड्यातूनच आलं होतं. तिच्या मिठानेच यंत्राचा आवाज चढवला होता.

"म्हणजे माज्या मिठान माझी चुगली केल्यान," ती म्हणाली.

वैदेही म्हणाली की मिठाने चुगली मोज्यांची केली. ज्यांनी ऐकलं त्यांनी ती काकीची समजली. यंत्र खोटं बोललं नाही. थायरम होतंच. किती आहे हे त्या सुळक्याच्या उंचीवरून सांगता येत नाही, आणि कुठून आलं हे तर मुळीच नाही. पन्नासेक वर्षांपूर्वी खडबडीत चांदीवर हा मोठा आवाज पहिल्यांदा ऐकू आला, तेव्हा शास्त्रज्ञांनाही वाटलं होतं की खडबडीत पृष्ठावर रेणू जास्त बसले असतील म्हणून आवाज मोठा. मग कुणीतरी हिशेब केला: एवढे रेणू तिथे मावतच नाहीत. आवाज मोठा होता, रेणू जास्त नव्हते. शास्त्रज्ञांनी आपलं म्हणणं बदललं आणि तसं छापलं.

इंदूवयनी माझ्याकडे वळली. "भाऊ, तुमी पेपरात होतास. ता छापून येतला मा?"

मी प्रयत्न केला. काय झालं ते इथे लिहितो, विशेषणं न लावता. कंपनीला वैदेहीने निष्कर्ष पाठवले. उत्तर फोनवर आलं. नमुन्यात पदार्थ सापडला, एवढंच आमचं म्हणणं होतं आणि ते खरं आहे. मोजे घालायला दिले होते, भिजत ठेवायला नव्हे. पदार्थ कुठून आला हे शोधणं आमचं काम नाही. प्रत्येक वाक्य बरोबर होतं. पुढच्या खेपेला बायकांना वेगळे मोजे आले. का बदलले, ते कुणी सांगितलं नाही. इंदूवयनीला आले नाहीत, कारण तिचं नाव तोवर गटातून कमी झालं होतं.

पोर्टलच्या संपादकाला मी स्वतः भेटलो. त्याने ऐकून घेतलं, चहा मागवला. मग शांतपणे म्हणाला, "भाऊ, विषाला लोक क्लिक करतात. मोज्याला कोण करणार?" तो लबाडी करत नव्हता. त्याला तसंच वाटत होतं, आणि त्याचा हिशेब चुकीचाही नव्हता. शेवटी खुलासा आला. चार ओळींचा, एका जाहिरातीच्या खाली. त्यात मोजे होते, मीठ नव्हतं, कबुलीबद्दल काही नव्हतं. मूळ बातमी आजही तिथेच आहे. शोधलं की आधी तीच येते.

माझा राग त्या संपादकावर थांबत नाही, सुपरवायझरवरही नाही. राग या गोष्टीचा आहे की या प्रकरणात हात लावलेल्या प्रत्येकाने आपापलं काम केलं, आणि त्या कामांच्या मधल्या फटीत एक बाई सापडली. तिचं एक वाक्य आत जाताना मोठं झालं आणि बाहेर येताना पुन्हा मोठं झालं. त्यातला मीठ हा शब्द तेवढा मोठा झाला नाही. त्याला धरून ठेवणारं तिथे कुणी नव्हतं.

एवढा मोठा आवाज करायची सोय आपल्याकडे आहे, ही गोष्ट मला आता भीतिदायक वाटते. वैदेही आपल्या विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगते म्हणे, की सुळका दिसला की आनंद नको, आधी आपले हातमोजे तपासा. ते हसतात. त्यांना वाटतं हा विनोद आहे.

यंदा आगोट लवकर आली. मेच्या मध्यालाच वारा फिरला. इंदूवयनीच्या खळ्यात आता मातीचा मोठा माठ आहे. निळं पिंप तिने पुन्हा वापरलं नाही. अंगठी घासून पुष्कळशी पांढरी झाली आहे, मोत्याच्या खाचेत तेवढा काळा डाग राहिला. तो निघत नाही असं ती म्हणते. मला वाटतं ती तो काढत नाही.

परवा मी तिच्याबरोबर टेम्पोतून फोंडाघाटाला गेलो. बाजार भरला होता. घाटातून ट्रक उतरत होते, भाताचं बियाणं घ्यायला आलेली माणसं दुकानांतून गर्दी करून होती. मासळीवाल्या एका ओळीत बसतात. प्रत्येकीची हाक ठरलेली असते: कुणी भाव सांगते, कुणी गावाचं नाव. पूर्वी इंदूवयनी हाक देत नसे. गरज नव्हती.

तिने टोपलीवरचं फडकं काढलं, बांगडे मांडले, आणि उभी राहून ओरडली.

"मीठ ह्याच आमचा औषध. रोज मारतंय. इलास तर हुंगून बघा."

तेच वाक्य. तोंडपाठ, न हसता. बाजूची बाई दचकली नाही, म्हणजे हे आजचं नव्हतं. दोन बाया थांबल्या. एकीने बांगडा उलटला, कल्ल्यापाशी नाक नेलं, बोटाने दाबलं आणि पिशवी उघडली. दुसरी तिच्याकडे बघत राहिली आणि पुढे गेली. इंदूवयनीने पुन्हा हाक दिली. मग पुन्हा. मी मागे सरकत सरकत बघितलं, तिचा आवाज कुठवर येतो ते. तो भांड्यांच्या दुकानापर्यंत स्वच्छ येतो, एसटीच्या थांब्यापर्यंत शब्द कळतात, आणि घाटाच्या रस्त्याला लागलं की ट्रकच्या आवाजात बुडतो.

त्याच्या पलीकडे नांदगाव आहे, वैभववाडी आहे. तिथे ती अजून औषधवाली आहे.